एक गाव, एक शाळा, एक मैदान: टेक्ससमधल्या ॲलन हायस्कूलचं प्रकरण

३१ ऑगस्ट २०१२, शुक्रवार. डॅलसच्या उत्तरेला असलेल्या ॲलन नावाच्या उपनगरात अमेरिकन फुटबॉलचं नवं स्टेडियम उघडलं. १८,००० आसनं, वर खास बैठकीचा मजला, टोकाला भलामोठा व्हिडिओ पडदा, खाली कुस्तीची तालीम आणि गोल्फच्या सरावाची बंदिस्त जागा. खर्च सहा कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वातीनशे कोटी रुपयांच्या वर. समोर साउथलेक कॅरोलचा संघ होता, आदल्या वर्षीचा राज्यविजेता. ॲलनने सामना जिंकला.

हे मैदान कुठल्या व्यावसायिक संघाचं नव्हतं. कॉलेजचंही नव्हतं. सरकारी हायस्कूलचं होतं, आणि तेही एकाच हायस्कूलचं. आपलं वानखेडे साधारण ३३,००० प्रेक्षकांचं. त्याच्या निम्म्याहून मोठं मैदान दहावी-बारावीच्या मुलांसाठी. अमेरिकाभर वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि बहुतेकांचा सूर एकच होता: शाळा कशासाठी असते, शिकायला की खेळायला?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला. अभ्यास विरुद्ध खेळ अशी मांडणी केली की ॲलनचं प्रकरण पाच मिनिटांत संपतं आणि हाती काहीच लागत नाही. खरी गोष्ट मैदान बांधण्याच्या बरीच आधी, गावाने घेतलेल्या दुसऱ्याच एका निर्णयात आहे.

दुसरी शाळा काढायची नाही

१९७० च्या जनगणनेत ॲलनची लोकसंख्या १,९४० होती. आपल्याकडच्या मध्यम खेड्याएवढी. १९९० मध्ये १८,३०९, २००० मध्ये ४३,५५४, २०१० मध्ये ८४,२४६ आणि २०२० मध्ये एक लाखाच्या पुढे. डॅलसहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग, प्लेनो आणि रिचर्डसनमधल्या टेलिकॉम आणि संगणक कंपन्या, स्वस्त मोकळी जमीन आणि चांगल्या सरकारी शाळांचं नाव, या चार गोष्टींवर कापसाच्या शेतांचं गाव फुगत गेलं. आलेल्यांत अभियंते फार, आणि त्यांत भारतीयही भरपूर. डॅलस परिसरातलं राधाकृष्ण मंदिर आज याच गावात आहे.

असं गाव वाढलं की शाळा जिल्हा, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, काय करतो? एक हायस्कूल भरलं की दुसरं काढतो. शेजारच्या प्लेनोने तीन सीनियर हायस्कुलं केली. फ्रिस्कोने तर धोरणच ठरवलं की हायस्कूल दोन हजारांच्या फार पुढे जाऊ द्यायचं नाही. तिथे आता डझनभर हायस्कुलं आहेत. ॲलनने मात्र उलटं केलं. १९९९ मध्ये हायस्कूल नव्या जागेत गेलं आणि मग ती इमारतच वाढत राहिली. नववीची मुलं वेगळ्या इमारतीत हलवली, पण शाळा एकच ठेवली. पटसंख्या पाच हजारांच्या पुढे गेली तरी एकच.

आपल्याकडे ‘एक गाव एक गणपती’ म्हणतात ना, तसंच हे. दोन मंडळं झाली की वर्गणी वाटली जाते, ढोलपथकं वाटली जातात, आणि दहा वर्षांनी वरची आळी खालच्या आळीकडे तिरकं बघू लागते. ॲलनमध्ये दुसरी शाळा काढली असती तर गावाच्या मधोमध रेघ पडली असती. रेघेच्या एका बाजूला नवी मोठी घरं, दुसऱ्या बाजूला जुनी. त्या रेघेवरून घरांच्या किमती ठरल्या असत्या. हा धोका खरा होता, आणि एक शाळा ठेवण्यामागचा विचार निव्वळ फुटबॉलवेडाचा नव्हता. मोठ्या शाळेत दुर्मिळ विषयही शिकवता येतात. एखाद्या परकीय भाषेच्या चौथ्या वर्षाला किंवा भौतिकशास्त्राच्या अवघड ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट (म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या) वर्गाला दोन हजारांच्या शाळेत आठ मुलं मिळतील. पाच हजारांच्या शाळेत पूर्ण तुकडी भरते.

पण एक शाळा म्हटलं की एकच फुटबॉल संघ, आणि त्या संघामागे सगळं गाव. टेक्ससमध्ये शुक्रवारची रात्र हायस्कूल फुटबॉलची, शनिवार कॉलेजचा, रविवार व्यावसायिकांचा. ही वाटणी नुसती परंपरा नाही: १९६१ च्या केंद्रीय कायद्याने हंगामात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी व्यावसायिक सामन्यांच्या प्रक्षेपणावर निर्बंध घातले, म्हणून ती टिकली. ॲलनच्या जुन्या मैदानात एवढी गर्दी मावत नसे. भाड्याने लोखंडी बाकं आणून लावावी लागत. गाव दुप्पट झालं, संघ राज्यविजेता झाला (२००८), आणि बाकं कमी पडली. पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला.

कुठल्या हेडखाली?

मे २००९ मध्ये जिल्ह्याने मतदारांपुढे ११.९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव ठेवला. त्यात स्टेडियम होतं, १,५०० आसनांचं नाट्यगृह होतं, आणि बस व इतर सेवांसाठी इमारत होती. साठ टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला. लक्षात घ्या, २००९ म्हणजे मंदीचं वर्ष.

‘एवढ्या पैशात किती शिक्षक आले असते?’ हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. सरकारी कचेरीत काम केलेला कुणीही याचं उत्तर लगेच देईल: एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला वळवता येत नाही. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे शाळा घरपट्टीवर चालतात, आणि शाळेच्या घरपट्टीचे दोन कप्पे असतात. एक दैनंदिन चालवण्याचा: पगार, वीज, पुस्तकं. दुसरा कर्जफेडीचा: मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांचं मुद्दल आणि व्याज. रोख्यांचा पैसा इमारतींवर खर्च होतो, पगारावर नाही. त्या काळात पहिल्या कप्प्यावर शंभर डॉलर मूल्यामागे १.०४ डॉलरची मर्यादा होती. त्यापलीकडे जायला मतदान घ्यावं लागे, आणि तरीही १.१७ च्या वर जाता येत नसे. दुसऱ्या कप्प्यात नवे रोखे काढताना ५० सेंटची वेगळी मर्यादा.

यात आणखी एक मेख आहे. १९९३ पासून टेक्ससमध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या करातला काही भाग राज्य काढून घेतं आणि गरीब जिल्ह्यांकडे वळवतं. लोक त्याला ‘रॉबिन हूड’ म्हणतात. पण ही वसुली फक्त पहिल्या कप्प्यातून होते. कर्जफेडीच्या कप्प्याला राज्य हात लावत नाही. म्हणजे सधन उपनगराने शिक्षकांसाठी जास्त कर लावला तर त्यातला वाटा राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, जाण्याची शक्यता, आणि सिमेंटसाठी लावला तर पैन् पै गावात. कुणी मुद्दाम मैदानांना उत्तेजन देण्यासाठी हा कायदा केला नसेल, पण पाणी उताराकडेच जाणार.

तेव्हा ‘शिक्षकांचे पैसे मैदानावर उधळले’ हे हिशेबाच्या दृष्टीने खोटं आहे. पण म्हणून जिल्ह्याची बाजू पूर्ण खरी ठरत नाही. हेड वेगळं असलं तरी कर भरणारा खिसा एकच असतो. मतदाराची कर सोसण्याची ताकद एका कामावर खर्च झाली की दुसऱ्यासाठी त्याच्याकडे पुन्हा जाणं कठीण होतं. आणि योगायोग असा की मैदानाचं काम चालू असतानाच, २०११ मध्ये, टेक्ससच्या विधिमंडळाने शाळांच्या अनुदानातून दोन वर्षांसाठी ५.४ अब्ज डॉलर कापले. राज्यभर शिक्षकांची पदं गेली. त्या हंगामात गावात जाऊन ‘हे हेड वेगळं, ते वेगळं’ असं समजावणं म्हणजे उपाशी माणसाला ताटाची किंमत सांगण्यासारखं होतं.

सत्तर गुण आणि ऐंशी गणितं

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की अशा शाळेत खेळाडू पास होतच असतील, कुणीतरी करत असेल. नियम मात्र कडक आहे. १९८४ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशींवरून गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या कारकिर्दीत कायदा झाला: कुठल्याही एका विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले की खेळ बंद. सुरुवातीला सहा आठवडे बंदी होती, १९९५ मध्ये ती तीन आठवड्यांवर आणली. इंग्रजीत त्याला ‘नो पास, नो प्ले’ असं नाव पडलं. मराठीत ‘पास नाही तर खेळ नाही’. फुटबॉल प्रशिक्षक एवढे चिडले की १९८६ मध्ये व्हाइट निवडणूक हरले, त्याच्या कारणांत हा कायदाही मोजला जातो. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटसारख्या अवघड विषयांना यातून सूट मिळू शकते, नाहीतर हुशार खेळाडूने सोपे विषय घेण्यातच शहाणपण ठरलं असतं.

शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर एका खेळाचा सराव आठ तासच करता येतो. मात्र शाळेच्या वेळेत खेळाचा एक तास वेळापत्रकातच असतो, आणि तो शारीरिक शिक्षणाच्या जागी धरला जातो. ही पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा.

हे सगळे नियम सांभाळणारी संस्था म्हणजे ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग’, टेक्सस विद्यापीठाने १९१० मध्ये सुरू केलेली. मला तिचं एक फार आवडतं: फुटबॉलचा राज्यकरंडक आणि पाठांतर-वादविवाद-गणिताच्या स्पर्धा एकाच छपराखाली चालतात. ‘नंबर सेन्स’ नावाची तिची स्पर्धा आहे. दहा मिनिटांत ऐंशी गणितं, मनातल्या मनात, कागदावर आकडेमोड करायची नाही, एकदा लिहिलेलं उत्तर खोडायचं नाही. प्रत्येक दहावं गणित अंदाजाचं असतं आणि उत्तर पाच टक्क्यांच्या आत चालतं. पावकी-निमकी पाठ केलेल्या आपल्या आज्यांनी तिथे पदकं आणली असती. या स्पर्धेला मैदान लागत नाही, एक वर्ग पुरतो, आणि प्रेक्षकही नसतात.

टक्का वाढतो, क्वार्टरबॅक एकच

आता एक शाळा ठेवल्याचा मुलांवर काय परिणाम झाला ते पाहू. माझ्या दृष्टीने प्रकरणाचं मर्म इथे आहे, आणि वादविवादात त्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं.

टेक्ससमध्ये १९९७ पासून कायदा आहे की आपल्या शाळेत वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात गर्दी एवढी की तिथे हा आकडा सहा टक्क्यांवर आला, आणि २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर. एका इयत्तेत दीड हजार मुलं धरली तर पाच टक्के म्हणजे ७५. इथल्या भारतीय पालकांच्या पोटात या आकड्याने गोळा येतो. शहाहत्तराव्या मुलाचे गुणही कुठल्याही निकषाने उत्कृष्टच असतात, आणि दूरच्या खेड्यातल्या छोट्या शाळेतलं मूल त्याहून कमी गुणांवर आत जातं. पण यात शाळेच्या आकाराचा दोष नाही. दोन शाळा केल्या असत्या तर साडेसातशेंचे पाच टक्के, म्हणजे प्रत्येकी ३७. बेरीज जवळपास तीच. शाळा कितीही मोठी होवो, टक्केवारीत जागा त्याच प्रमाणात वाढतात.

मैदानावर तसं होत नाही. एका संघात एका वेळी अकराच उतरतात, आणि डाव चालवणारा, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एकच असतो. पाच हजार विद्यार्थ्यांच्या गावात एक शाळा असली तर एक क्वार्टरबॅक. तीन शाळा असत्या तर तीन. राज्याच्या सर्वांत वरच्या गटात यायला २०१४ मध्ये साधारण २,१०० पट पुरत होता. ॲलनकडे त्याच्या दुपटीहून जास्त मुलं होती. म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे हजार मुलगे असतील तर ॲलनला अडीच हजारांतून संघ निवडायचा. विजेतेपदं येणारच. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन आली, २०१७ मध्ये आणखी एक. २०१३ चा अंतिम सामना पाहायला ५४ हजारांवर लोक आले होते.

त्या तीन वर्षांचा क्वार्टरबॅक कायलर मरे. त्याने सुरुवात केलेल्या ४२ सामन्यांपैकी एकही ॲलन हरलं नाही. पुढे त्याला २०१८ मध्ये कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाइझमन करंडक मिळाला आणि २०१९ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत तो पहिला निवडला गेला. गाव त्याचं नाव अभिमानाने घेतं, घ्यावंच. मला मात्र त्याच्यामागे बाकावर बसलेल्या मुलांचं कुतूहल वाटतं. फ्रिस्कोत राहिली असती तर त्यांतली दोघं-तिघं एखाद्या साध्या शाळेत शुक्रवारी रात्री खेळली असती. हरली असती, पण खेळली असती. करंडकांच्या कपाटात या मुलांसाठी खण नसतो. हे फुटबॉलपुरतं नाही. बास्केटबॉलला पाच, टेनिसला मोजके, शाळेच्या नाटकात नायिका एक, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष एक.

ॲलनला हे कळत नव्हतं असं नाही, आणि त्यावरचं त्यांचं उत्तर म्हणजे बँड. ‘ईगल एस्काड्रिल’ या वाद्यवृंदात सहाशे ते आठशे मुलं असतात, आणि देशातला सर्वांत मोठा हायस्कूल मार्चिंग बँड म्हणून तो ओळखला जातो. मध्यंतरात तो उतरतो तेव्हा मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसंच दिसतात. पुण्यातल्या विसर्जनाच्या ढोलपथकांना जे जमतं तेच इथे: वाद्य वाजवता येणारा प्रत्येकजण रांगेत मावतो, रांग लांब होते. क्वार्टरबॅकची जागा वाढत नाही, पण सनईवाल्यांची वाढते. एका शाळेच्या निर्णयाची भरपाई ॲलनने कुठे केली असेल तर ती या रांगेत. इथले भारतीय पालकही मुलांना क्लॅरिनेट-व्हायोलिनकडे वळवतात, त्यामागे संगीतप्रेमाबरोबर हा हिशेबही असतो: जिथे निवड कमी आणि जागा जास्त, तिथे जा. उरलेला वेळ रोबोटिक्स, वादविवाद आणि रँक. अर्थात तिथेही गर्दी होतेच.

तडे

फेब्रुवारी २०१४ मध्ये, उघडून दीड वर्षच झालं असताना, स्टेडियम बंद करावं लागलं. प्रेक्षक ये-जा करतात त्या वरच्या मजल्याच्या काँक्रीटला मोठाले तडे गेले होते. तपासणीत आराखड्यातच दोष निघाले: काही ठिकाणी आधार पुरेसा भार पेलण्याजोगा नव्हता. सगळ्या देशाला हसायला विषय मिळाला. दुरुस्तीचा भार आराखडा करणाऱ्या कंपनीने आणि ठेकेदाराने उचलला, गावाच्या खिशातून तो गेला नाही. जिल्ह्याने लोकांपासून लपवाछपवी न करता मैदान पूर्ण बंद केलं, हेही नोंदवायला हवं. आपल्याकडे ‘किरकोळ डागडुजी’ म्हणून चुना फासून हंगाम काढला असता.

२०१४ च्या हंगामात संघाला घरच्या मैदानाविना खेळावं लागलं. शेजारच्या गावाची मैदानं घ्यावी लागली. आणि त्या वर्षीही ॲलन अपराजित राहून राज्यविजेता झालं, अंतिम सामन्यात ४७–१६ असा. सहा कोटींच्या मैदानाचा संघाच्या जिंकण्याशी काही संबंध नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा कुणी मुद्दाम प्रयोग करूनही मिळवला नसता. संघ जिंकत होता तो पाच हजारांच्या पटसंख्येमुळे. मैदान होतं ते बाकं कमी पडली म्हणून, आणि गावाला एकत्र बसायला जागा हवी होती म्हणून.

शेजाऱ्यांनी यातून भलताच धडा घेतला. ह्यूस्टनजवळच्या केटीने २०१७ मध्ये आणि ॲलनला लागून असलेल्या मॅकिनीने २०१८ मध्ये सात कोटी डॉलरच्या आसपासची मैदानं बांधली. मॅकिनीच्या काँक्रीटलाही उद्घाटनाआधीच चिरा दिसल्या, हा विनोद नियतीचा. फरक एवढाच की मॅकिनीचं मैदान तीन हायस्कुलं वापरतात, केटीतही अनेक शाळांत ते वाटलं जातं. फ्रिस्कोने डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाशी भागीदारी करून १२,००० आसनांचं छत असलेलं मैदान २०१६ मध्ये मिळवलं. त्यांच्या पैशाचं गणित ॲलनपेक्षा बरं, हे मान्य करावं लागतं. पण तिथे शुक्रवारी गाव एका बाजूला बसत नाही.

दरम्यान ॲलनची वाढ थांबली. रिकामी जमीन संपली, घरं महागली, लहान मुलांची तरुण कुटुंबं आणखी उत्तरेला सरकली. २०२३ मध्ये जिल्ह्याने दोन प्राथमिक शाळा बंद केल्या, आणि त्या सभांमध्ये पालकांनी आपल्या जवळच्या शाळेसाठी केलेला आक्रोश स्टेडियमच्या वादाहून कितीतरी कळवळ्याचा होता. मैदानाच्या रोख्यांचे हप्ते तेव्हाही चालूच होते.

दुरुस्तीनंतर जून २०१५ मध्ये स्टेडियम पुन्हा उघडलं. पहिला कार्यक्रम सामना नव्हता, बारावीचा पदवीदान समारंभ होता. ज्यांनी तीन वर्षांत त्या हिरवळीवर कधी पाय ठेवला नव्हता अशी शेकडो मुलं झगे-टोप्या घालून खाली खुर्च्यांवर बसली, आणि त्यांची नावं एकेक करून वाचायला संध्याकाळ गेली.